पुणे-नागपूर : तिकिटावर दीड तास, पायलट म्हणतो एक तास!

प्रश्न : गाडीने पुणे-नागपूर सातशेच्या वर किलोमीटर भरतं, मग विमानाला नक्की किती अंतर पडतं? आणि तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो, पण पायलट अनाउन्समेंटमध्ये तासाभराचंच सांगतो, असं का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : ताई, दोघंही खरंच बोलतायत! लोहगाव (पुण्याचं विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचं विमानतळ) सरळ रेघ मारली तर साधारण ६०० किमी होतं, कारण विमानाला ना नगरचा ट्रॅफिक लागतो ना घाट. जेट वर गेलं की ताशी ८०० च्या आसपास पळतं, म्हणजे हिशोबाने पाऊणच तास, पण चढायला-उतरायला वेग कमी असतो म्हणून हवेतला वेळ तासाच्या घरात जातो. तिकिटावरचा वेळ मात्र विमान पार्किंगमधून हललं तिथपासून दुसऱ्या पार्किंगमध्ये थांबेपर्यंतचा असतो, त्यात टॅक्सी, म्हणजे विमानाचं जमिनीवर चाकांवर चालणं आलं, रनवेसाठी रांग आली, वर थोडं मार्जिनपण धरतात. लोहगाव मुळात एअरफोर्सचं, त्यांची विमानं उडत असली की आपण खिडकीतून बघत बसायचं. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर अजून वेळ लागेल, ते ताशी ५०० च्या आसपासच जातं. थंडीत वरचं वारं पश्चिमेकडून येतं, त्यामुळे जाताना थोडं लवकर, येताना थोडं उशिरा.

बाकी हडपसरहून लोहगावला पोचायला संध्याकाळी जो वेळ लागतो तो यात धरलेला नाही हं!