इंजिन पकडतं आणि लगेच गप होतं? विमानाला हात लावण्याआधी यूएसबी काढा

तुम्ही लिहिलंय की फ्लाइट सिम्युलेटर २०२० (संगणकावरचा विमान उडवायचा खेळ, आपला 'सिम') मधल्या सेसना १७२ या छोट्या विमानाचा स्टार्टर फिरतो, पंखा फिरतो, इंजिन दोन-तीन सेकंद चालतं आणि गप होतं. कंट्रोल-ई दाबून ऑटोस्टार्ट केला, म्हणजे सिमलाच इंजिन सुरू करायला लावलं, तरी तेच. टाक्या भरलेल्या आहेत आणि आता सगळा सिम उडवून परत टाकायचा विचार आहे. कराडातून एवढं डाउनलोड करायच्या आधी हे वाचा. सांगलीत बसून मी हेच भोगलंय.

बॅटरी, मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र), फ्युएल सिलेक्टर बोथवर (दोन्ही टाक्यांवर), हे तुम्ही बघितलं असणार. त्यात वेळ घालवत नाही.

इंजिन पकडतंय म्हणजे ठिणगी आहे. १७२ एस ला कार्ब्युरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. आधी इंधनाचा पंप लावून, मिक्श्चर (इंधन किती जायचं ते ठरवणारा लाल नॉब, आत ढकलला की इंधन जास्त) तीन ते पाच सेकंद पुढे ढकलून प्राइम करायचं, म्हणजे इंजिनात थोडं इंधन भरून ठेवायचं, मग मिक्श्चर परत मागे कट-ऑफला (इंधन बंद) आणून किल्ली फिरवायची आणि इंजिनानं पकडलं की लाल नॉब सावकाश आत. तुमचं इंजिन प्राइम केलेल्या इंधनावर पेटतं आणि ते संपलं की मरतं. म्हणजे मिक्श्चर आत जातच नाहीये, किंवा गेलेलं कोणीतरी मागे ओढतंय. ऑटोस्टार्टनंही तेच होतंय, म्हणून माझा संशय दुसऱ्यावर आहे. ऑटोस्टार्ट नॉब आत ढकलतो, पण तुमच्या टेबलावरचा थ्रॉटल क्वाड्रंट (यूएसबीला जोडलेली लिव्हरची पेटी) पुढच्या क्षणी जुनी किंमत पाठवून तो बाहेर काढतो.

तपासायचं असं: सिम बंद करा. माउस आणि कीबोर्ड सोडून सगळ्या यूएसबी वायरी काढा. सिम परत चालू करून कोल्हापूरच्या विमानतळावर पार्किंगच्या जागेवर विमान उभं करा आणि फक्त माउसनं इंजिन सुरू करा. चालू राहिलं तर विमान निर्दोष. मग एकेक वायर लावत जा आणि नजर लाल नॉबवर ठेवा. तो आपोआप सरकला की चोर सापडला. बऱ्याचदा कारण साधं असतं: लिव्हर उलटी बसलेली असते (कंट्रोल्समध्ये रिव्हर्स ॲक्सिस), किंवा जॉयस्टिकचा स्लायडर आणि क्वाड्रंटची लिव्हर दोन्ही एकाच कामाला जोडलेल्या असतात. असं असेल तर पाच मिनिटांचं काम.

माझं तसं नव्हतं आणि इथंच माझे हाल झाले. क्वाड्रंट ज्यांचा होता त्यांच्या मदत केंद्राला लिहिलं. नाव घेत नाही, घेऊन काही फरकही पडणार नाही. पहिलं उत्तर आलं: सिम परत इन्स्टॉल करा. शंभर जीबीच्या वरचा माल, आमचं केबलवाल्याचं इंटरनेट, त्यात रात्री लाइट गेली की राउटर बंद. कितीतरी रात्री त्यात गेल्या. झाल्यावर कळवलं, तर नवीन माणूस, नवीन तिकीट आणि परत तोच प्रश्न: 'सिम परत इन्स्टॉल केला का?' लिव्हरला हात न लावता पडद्यावरचा नॉब हलतो याचा व्हिडिओ पाठवला, तो कोणी उघडलासुद्धा नाही. शेवटी ग्राफिक्स ड्रायव्हर बदला म्हणाले. मिक्श्चरच्या नॉबचा आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचा संबंध काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. या सगळ्यात वॉरंटीची मुदत संपली आणि मग मात्र लगेच उत्तर आलं की दुरुस्ती आता पैसे भरून. एवढी तत्परता आधी दाखवली असती तर!

खरा दोष लिव्हरखालच्या पोटेन्शियोमीटरमध्ये ('पॉट', लिव्हर कुठे आहे ते मोजणारा भाग) होता. जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब फिरवताना खरखरतो ना, तेच. कार्बनच्या पट्टीवर धूळ बसते, पट्टी झिजते आणि लिव्हर जागेवर असूनही आकडा उड्या मारतो. हे बघायला सिम लागत नाही. विंडोजच्या रनमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' इंग्रजीत (joy.cpl) टाका, आपलं यंत्र निवडा, प्रॉपर्टीज उघडा. लिव्हरला हात न लावता पट्टी थरथरत असेल तर निकाल लागला.

थरथर फक्त टोकाला असेल तर सिमच्या सेन्सिटिव्हिटीमध्ये एक्स्ट्रीमिटी डेड झोन (टोकाजवळची हालचाल दुर्लक्षित करायची सोय) थोडा वाढवा, बहुतेक वेळा भागतं. मधेही उड्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. मी ते काम आमच्या भागातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडून करून घेतलं. मदत केंद्राला जे इतक्या पत्रांत उमगलं नाही ते त्यांनी लिव्हर दोनदा हलवून सांगितलं. पॉट बदलायची वेळ आली तर जुन्याच्या अंगावर काय छापलंय ते बघा. 'बी' म्हणजे लिनियर (लिव्हर जितकी सरकेल तितकाच आकडा बदलणारा), तोच हवा. ॲम्प्लिफायरचा 'ए' छापाचा बसवला तर लिव्हर अर्धी सरकली तरी नॉब अर्ध्यावर नसेल. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र पेटी उघडू नका, माझं ऐकून नुकसान नको.

नवीन घ्यायचाच असेल तर हॉल सेन्सरवाला घ्या. त्यात चुंबकानं मोजणी होते, घासायला काही नसतं. चार पैसे जास्त जातात, पण माझ्या मते पॉटवाला महाग क्वाड्रंट घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसऱ्या कोणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

आणखी एक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबची वीज वाचवायची सोय बंद करा. काही मशीनवर विंडोज क्वाड्रंटला झोपवतो आणि तो जागा झाला की लिव्हरची किंमत भलतीच येते.

एकानं एअरबस ए३२० या जेट विमानाचं इंजिन सुरू होत नाही असं विचारलंय, ते वेगळं प्रकरण. तिथं मास्टर स्विच टाकूनही एन२ (इंजिनाच्या आतल्या भागाच्या फिरण्याचा वेग) हलत नसेल तर स्टार्टर फिरवायला दाबाची हवा नाहीये: एपीयू (शेपटीतलं छोटं मदतनीस इंजिन) अव्हेल म्हणजे तयार झाला का, एपीयू ब्लीड (त्याची हवा सोडायचं बटण) लावला का, मोड सिलेक्टर इग्निशन-स्टार्टवर आहे का, एवढंच बघा. आणि सेसना घेऊन लेहला जाणाऱ्यांनी साडेदहा हजार फुटांवर मिक्श्चर पूर्ण आत ठेवून रडू नये. तिथली हवा विरळ असते, इंजिन गुदमरणारच, नॉब थोडा बाहेर घ्या.

मी पायलट नाही, खऱ्या विमानाला यातलं काही लावू नका. तुमच्या क्वाड्रंटचं मॉडेल आणि त्या विंडोजच्या खिडकीत पट्टी कशी हलते याचा छोटा व्हिडिओ टाका, मग पुढचं सांगतो. तोवर सिम अनइन्स्टॉल करू नका.