पुस्तके घरात आहेत, तरी मुलगी मागे का?

“आमच्या दोघांचेही शिक्षण बेताचेच झाले. तिला पुस्तके कमी पडू दिली नाहीत, तरी ती अभ्यासात मागे पडते आहे. घरात शिकलेले कोणी नाही, त्याचाच हा परिणाम असेल का?” पाचवीतल्या एका मुलीच्या आईने विचारलेला हा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक पालकांच्या मनात असतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलीची आकडेमोड पक्की होती. शाब्दिक उदाहरण आले की मात्र ती अडखळत असे आणि विज्ञानाच्या उत्तरात प्रश्नातलेच शब्द फिरवून लिहीत असे. मी दिलेला अनोळखी उतारा तिने मोठ्याने, न अडखळता वाचला. पण उताऱ्यातला माणूस अर्ध्या वाटेवरून परत का फिरला, हे तिला सांगता येईना. मग तशाच प्रकारचा दुसरा उतारा मी स्वतः वाचून दाखवला, तेव्हाही तिचे उत्तर तितकेच अपुरे निघाले. म्हणजे अडचण अक्षरांशी नव्हती, भाषेचा अर्थ लावण्याशी होती. वाचनाचे संशोधक गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडले की, वाचलेले समजणे हा शब्द ओळखण्याची क्षमता आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार असतो; त्यामुळे एक बाजू दुबळी असेल, तर दुसरी कितीही बळकट असून उपयोग मर्यादितच राहतो.

घरची संध्याकाळ कशी जाते, असे विचारल्यावर बरेच उलगडले. पुस्तके काचेच्या कपाटात होती आणि मळतील म्हणून ती विचारूनच काढायची असत. “वाचायला बस” हे वाक्य गुण कमी पडले किंवा भांडण झाले की ऐकू येई; वाचनाला शिक्षेचा वास अशा घरांतच लागतो. आईवडिलांना काही वाचताना मुलीने फारसे पाहिलेले नव्हते आणि तिच्याशी होणारे बोलणे बहुतेक सूचनांचेच होते.

आईच्या मूळ शंकेचे उत्तर मात्र दिलासा देणारे आहे. इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २७ देशांतील माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भरपूर पुस्तके असलेल्या घरांतली मुले पुस्तके नसलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा सरासरी सुमारे तीन वर्षे अधिक शिकल्याचे दिसले, आणि आईवडिलांचे शिक्षण, व्यवसाय व सामाजिक स्तर हिशेबात घेतल्यावरही हा फरक टिकून राहिला. हे ऐकताच वडिलांनी आणखी एक कपाट घेण्याची तयारी दाखवली! अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होतेच असे नाही. पुस्तकांची संख्या ही त्या घरातल्या वाचण्या-बोलण्याच्या सवयीची खूणही असू शकते, हे मला त्यांना समजावून सांगावे लागले.

म्हणून मी खरेदी थांबवायला आणि कपाट उघडे ठेवायला सांगितले. रोज थोडा वेळ, मुलीने निवडलेले पुस्तक, वाचणारे आईवडिलांपैकी कोणीही, मध्येच थांबून “तो असे का वागला असेल?”, “आता काय होईल?” असे विचारायचे, पण उत्तर चूक की बरोबर हे ठरवायचे नाही. आईला स्वतःच्या अडखळत्या वाचनाची लाज वाटत होती. अडलेला शब्द दोघींनी मिळून शोधणे हेसुद्धा मुलीच्या दृष्टीने वाचनाचे शिक्षणच आहे, हे पटायला तिला वेळ लागला.

पुढच्या परीक्षेत गुण जवळपास तेवढेच आले आणि वडील नाराज झाले. शब्दसंपत्ती सावकाश वाढते, तिचा परिणाम गुणपत्रिकेत उशिरा उतरतो. आधी बदलले ते मुलीचे बोलणे: ती वर्गात “का” विचारू लागल्याचे शिक्षिकेने कळवले. वर्ष संपताना शाब्दिक उदाहरणे ती आधी स्वतःच्या शब्दांत सांगून मग सोडवत होती. शुद्धलेखन अजून कच्चे आहे. त्यासाठी शिक्षिकेने वेगळा सराव सुरू केला असून रात्रीच्या वाचनात त्याच्या चुका काढायच्या नाहीत, असे आम्ही ठरवले आहे.