कंसातलं नख

ताई,

मी २९ वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी टीम लीड झालो. पहिल्या मोठ्या प्रेझेंटेशननंतर मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काम उत्तम आहे, पण उभा राहिलास की सारखा या पायावरून त्या पायावर होतोस. आत्मविश्वास दिसत नाही." ते फार लागलं. तेव्हापासून मी स्वतःवर काम करतोय. नेव्ही ब्लू सूट घ्यायचा ठरवलाय, एक माप लहानच, कारण चार महिन्यांनी हाफ मॅरेथॉन आहे आणि तोवर वजन उतरेलच. माझं मनगट बारीक आहे, तर घड्याळ ४० मिलीमीटरचं शोभेल की ४२ चं? दाढी ठेवावी की क्लीन शेव्ह बरं? पहाटे पाचला उठून आठवड्यातून चार दिवस धावतो. (उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, पण धावणाऱ्या सगळ्यांचंच पडतं म्हणे. बूट बायकोने वाढदिवसाला आणलेत. नंबर आठ, कॉलेजपासून तोच, ऑफिसच्या बुटांचाही.) मी उभा राहिलो की समोरच्याला भरवसा वाटावा, यासाठी काय करू?

— स्वतःवर काम करणारा

*

बाळा,

तुझं पत्र मी बरंच छाटून छापलंय. मूळ पत्रात कोटाच्या लॅपलच्या, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीच्या, रुंदीवर एक परिच्छेद होता, घड्याळाच्या पट्ट्यावर दुसरा, आणि दाढीच्या तेलावर, देवा, दीड. नख मात्र कंसात. इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचून मला एक खोड लागलीय: मी आधी कंस वाचते. माणूस ठसठशीत अक्षरात लिहितो ते जगासाठी असतं. दुखतं ते तो कंसात लिहितो.

तर नखाबद्दल बोलू. सूट, घड्याळ, दाढी थांबतील.

नख काळं पडतं म्हणजे नखाखाली रक्त साकळतं. धावताना पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो. एकदा नाही. तुझी हाफ मॅरेथॉन २१ किलोमीटरच्या किंचित वर. धर, तुला दोन तास वीस मिनिटं लागली आणि मिनिटाला १६५ पावलं पडली, तर ती तेवीस हजारांवर जातात. म्हणजे एकट्या उजव्या अंगठ्याला साडेअकरा हजार ठोके. दार ठोठावणाऱ्यालासुद्धा इतक्या वेळात कळतं की आत कोणी नाही.

"सगळ्यांचंच पडतं म्हणे." हो, पुष्कळांचं पडतं. कारण पुष्कळ जण लहान बूट घालतात, किंवा मापाचे घालून नाड्या इतक्या ढिल्या बांधतात की पाय आत घसरगुंडी खेळतो. त्याला पदक समजणाऱ्या मंडळींच्या गटात तू नुकताच सामील झालेला दिसतोस.

आता तुझ्या मॅनेजरांकडे येऊ. त्यांना एक माणूस दिसला, जो उभा राहिला की या पायावरून त्या पायावर होतो. त्यांनी त्याला आत्मविश्वासाचा अभाव असं नाव दिलं, आणि तू ते मुकाट्याने पदरात घेतलंस. अरे, पाय दुखतोय म्हणून पाय बदलतोस! ऑफिसचे बूटही आठचेच, तूच लिहिलंयस. पैजेवर सांगते, टेबलाखाली तू ते काढून बसतोस, आणि अचानक कोणी बोलावलं की पायांनी चाचपडत शोधतोस. बूट चावत असताना भरवशाचा चेहरा करून उभं राहणं जन्मात कोणाला जमलेलं नाही. मला तरी नाही. पहिल्या नोकरीत मी एक वर्ष अर्धा नंबर लहान सँडल घालून काढलं, का, तर ते दिसायला सुरेख होते. वर्षाखेरीच्या शेऱ्यात माझ्या नावापुढे 'स्वभाव थोडा चिडका' असं आलं. सँडल बदलल्यावर स्वभावही निवळला. थोडाफार. उरलेला चिडकेपणा मूळचाच निघाला.

"नंबर आठ, कॉलेजपासून तोच." हे तू असं लिहिलंयस, जणू ती जन्मतारीख आहे. पाय बदलतात रे. वय वाढतं, वजन वाढतं, तळव्याचे बंध सैलावतात, कमान थोडी बसते, आणि पाऊल लांबीरुंदीला पसरतं. त्यात नंबर हा प्रकारच मुळात मजेशीर आहे. जुन्या इंग्रजी मापात जवाच्या तीन दाण्यांचा एक इंच धरत, आणि त्या पद्धतीत बुटाचा एक नंबर म्हणजे आजही एक जव, साधारण साडेआठ मिलीमीटर. युरोपातला नंबर सेंटीमीटरच्या दोन तृतीयांशाने पुढे सरकतो. ब्रिटिश आठ आणि अमेरिकी आठ यांत जवळजवळ एका नंबराचं अंतर पडतं. वर प्रत्येक कंपनीचा फर्मा वेगळा, म्हणजे ज्या साच्यावर बूट चढवून शिवतात तो. एकाच्या आठात पाय सुखाने लोळेल, दुसऱ्याच्या आठात कोंबावा लागेल. आणि तू एका जवाच्या हिशेबावर बारा वर्षं इमान राखून बसलायस.

धावणाऱ्या लोकांना शूरपणाच्या गोष्टी आवडतात, म्हणून एक सांगते. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉनला उभा राहिला. नवे बूट त्याच्या पायाला नीट बसेनात. त्याने दात आवळून ते घातले नाहीत. काढून ठेवले, आणि ४२ किलोमीटर अनवाणी धावून २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम दोन्ही नेलं. अनवाणी धावायची त्याला सवय होती. तुला नाही, तेव्हा भलतं धाडस करू नकोस. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. बसतील ते बूट घालायचे, बसत नाहीत ते काढायचे. त्यात त्याला काही लाजिरवाणं वाटलं नाही. तुला मात्र वाटतंय.

कारण बूट बायकोने आणलेत.

तू तिला सांगितलेलं नाहीस, हे पत्रात लिहिलं नसलंस तरी मला स्वच्छ दिसतंय. सांगितलं असतंस तर ते बूट एव्हाना बदलून आले असते आणि नख गुलाबी असतं. ती विचारत असेलच, "कसे आहेत?" आणि तू म्हणत असशील, "एकदम मस्त." मग पहाटे पाचला, ती झोपेत असताना, दाराशी बसून नाडी बांधताना ओठ आवळून घेत असशील. तिला वाईट वाटू नये म्हणून! वाटू दे की. बूट लहान निघाले याचं किती वाईट वाटेल, पाच मिनिटं? आठ नंबर तूच सांगितला होतास, तेव्हा त्यातली चार मिनिटं तुझ्या वाट्याची. माफ कर, तिच्यासाठी हळहळायला मला आत्ता सवड नाही. मला काळजी आहे ती त्या मुलाची, जो दुखणं गिळण्याला समजूतदारपणा म्हणतो, आणि मग समोरच्याला भरवसा वाटावा म्हणून मनगटावर काय बांधू, असं विचारतो. स्वतःवर काम करतोयस म्हणे. तू काय भिंत आहेस का, प्लास्टर चढवायला?

आज संध्याकाळी एकच गोष्ट कर. संध्याकाळीच, कारण दिवसभर वावरून पाय थोडे फुगलेले असतात आणि धावताना ते तसेच फुगतात. धावायच्या बुटातला आतला तळ, तो सुटा निघणारा इनसोल, बाहेर काढ. आधी नुसता बघ. टोकाशी अंगठ्याने पाडलेला काळपट खळगा दिसेल. तो अगदी काठावर असेल, किंवा काठाबाहेर निसटू पाहत असेल. मग त्याच्यावर उभा राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का बघ. (पायाच्या नाही, हाताच्या. आपल्या भाषेत दोघांना एकच नाव आहे, तेवढ्यावरून घोटाळा नको.) नंतर कोरा कागद भिंतीला चिकटवून जमिनीवर ठेव, टाच भिंतीला टेकव आणि सगळ्यांत लांब बोटापाशी खूण कर. ते बोट अंगठाच असेल असं नाही, काहींचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पाय मोज. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा निघतो, बूट त्याच्या मापाचे घ्यायचे. खाली वाकून स्वतःचीच खूण करताना टाच उचलली जाते, म्हणून पेन्सिल बायकोच्या हातात दे.

कागद आणि पेन्सिल मी उगाच सांगितलेली नाही. तिने खूण केली आणि मान वर केली, की तिला सांग: "बूट मला लहान होतात." चार शब्द. पुढेमागे काही जोडू नकोस. 'तसे छानच आहेत, पण' नको. 'माझीच चूक' नको. 'रंग मात्र मस्त' तर अजिबात नको.

बुटाचं दुकान उद्या. धावताना घालतोस तेच मोजे नेऊन घाल, आणि दुकानात चार पावलं चालण्यापेक्षा चार पावलं धाव. बुटाला वरती, घोट्यापाशी, एक जादा भोक असतं, बहुतेक लोक ते शोभेचं समजतात. त्यातून नाडी ओवून टाच पक्की धरली की पाय पुढे घसरत नाही. ऑफिसच्या बुटांचंही हेच माप. "कातडं आहे, घालून घालून सैल होईल," असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून दे: कातडं रुंदीला थोडं पसरतं, लांबीला नाही. पायाची वरची बाजू उंच असेल तर डर्बी प्रकारचा बूट घे, ज्याच्या नाडीच्या दोन्ही पट्ट्या मोकळ्या उघडतात. ऑक्सफर्ड प्रकारच्या बुटाच्या पट्ट्या खाली शिवलेल्या असतात, तो असा पाय आवळतो.

राहिलेले प्रश्न. सूट आजच्या अंगाचा घे. चार महिन्यांनी उतरलेल्या वजनाचा सूट चार महिन्यांनी शिव. कंबर शिंपी सहज आत घेतो, पण लहान पडलेले खांदे मोठे करणं जवळपास अशक्य, आणि खांद्यात घट्ट कोट घालून तू पाय बदलायचा थांबशील आणि हात झटकायला लागशील. घड्याळ ४० चं. दाढीचं बायकोला विचार, माझा गाल नाही तो. शर्यत चार महिन्यांवर आहे, नख दुखायचं थांबेपर्यंत दोन आठवडे गेले तरी काही बिघडत नाही.

आणि नखाकडे लक्ष ठेव. सरळ काप, कडांना गोल खोदू नकोस. साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेव्हा घाई नको. पण काळा डाग पुढे सरकतच नसेल, किंवा नखात मुळापासून टोकापर्यंत उभी काळी रेघ दिसत असेल, तर ते बुटाचं काम नव्हे. मग बूट-मोजे विसर आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, त्याच आठवड्यात.

पुढच्या पत्रात लॅपल नको. दोन्ही पायांची लांबी लिही, मिलीमीटरमध्ये, आणि बायको काय म्हणाली ते. कंसाबाहेर.

— ताई