धरण भरले, पण दुष्काळ सरला का?

प्रश्न : एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस, लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणात भरपूर पाणी आले. एका पावसाळ्यात दुष्काळ सरतो, असे समजावे का?

उत्तर : नळापुरता तो सरतो, विहिरींपुरता सरेलच असे नाही. वाहून आलेल्या पाण्याने धरण काही दिवसांत भरू शकते. भूजलाला मात्र मुरलेलेच पाणी लागते. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या सरींचे पाणी झपाट्याने खाली उतरते, पण माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि त्यानंतरच्या मुसळधार पावसाचे बरेचसे पाणी ओढ्या-नाल्यांतून निघून जाते. रिमझिम, लांबलेल्या पावसाचे मोल म्हणूनच अधिक. त्यातही आधी माती ओल धरते, मग खालचा मुरूम भरतो आणि विहिरीला पाझर फुटायला वेळ लागतो.

धरणाची टक्केवारीही जपून वाचावी, कारण ती बहुधा उपयुक्त साठ्याची, म्हणजे नेहमीच्या दारांतून सोडता येणाऱ्या पाण्याची असते. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) असून त्याखाली, दारांच्या पातळीखाली राहणारा, सुमारे ७३८ दलघमी मृतसाठा आहे. टंचाईत मृतसाठ्यातून उपसा झाला असेल, तर ती तूट भरून निघेपर्यंत नवे पाणी येत असूनही उपयुक्त साठा शून्यच राहतो.

प्रश्न : आमच्या नदीला सप्टेंबरात पूर येतो आणि जानेवारीत पात्र कोरडे पडते. असे का होते?

उत्तर : पावसाळा संपल्यावर नदी वाहते ती भूजलाच्या पाझरावर. काठच्या विहिरींतील पाण्याची पातळी नदीच्या तळापेक्षा खाली गेली, की हा पाझर थांबतो आणि उलट नदीचेच पाणी जमिनीत उतरू लागते. रब्बीसाठी आणि विशेषतः उसासाठी उपसा सुरू झाला, की हे लवकर घडते. पुरावरून नदीची प्रकृती ठरवू नये. पूर ओसरल्यानंतर ती किती महिने वाहते, ते पाहावे.

प्रश्न : विहिरीला पाणी आले, पण खोल बोअर कोरडीच आहे. आणखी खोल घ्यावी का?

उत्तर : माझे मत नाही असे आहे. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या, खोल थरांत पाणी फटी-सांध्यांपुरतेच असते आणि तेथे पुनर्भरण फार सावकाश होते.

प्रश्न : दोन-तीन वर्षे चांगला पाऊस झाल्यावर नदी पूर्ववत होतेच ना?

उत्तर : तसे गृहीत धरता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात १९९७ ते २००९ या काळात दीर्घ दुष्काळ पडला. व्हिक्टोरिया राज्यातील पाणलोट क्षेत्रांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की, दुष्काळ संपून सुमारे सात वर्षे उलटल्यावरही एक तृतीयांशाहून अधिक पाणलोटांत तेवढ्याच पावसात पूर्वीइतके पाणी नदीत येत नव्हते. पावसाचा वाढीव वाटा वनस्पतींच्या बाष्पोत्सर्जनात, म्हणजे पानांवाटे वाफ होऊन, जात असावा, असा संशोधकांचा कयास आहे. तेथील भूरचना वेगळी असल्याने हे आकडे मराठवाड्याला जसेच्या तसे लावू नयेत. आपल्याकडे उपशाचा भार शिवाय आहेच. गावाने एखादी विहीर ठरवून ऑक्टोबर आणि मे महिन्यांत, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, काठावरील एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजून नोंदवावे. त्यातील मे महिन्याची नोंद अधिक बोलकी असते.