जे नंतर बसवता येत नाही

प्रिय बाळ,

तुझी यादी नीट वाचली. पाच छोट्या एसयूव्ही, आणि प्रत्येकीपुढे सनरूफ, स्क्रीन, कॅमेरे, स्पीकर असं सगळं रकान्यांत मांडलंयस. मेहनत दिसते. पण ठाण्यातल्या कासारवडवलीपासून नवी मुंबईतल्या ऐरोलीपर्यंतचा तुझा रोजचा रस्ता त्या तक्त्यात कुठेच नाही, आणि तुमच्या सोसायटीतलं पार्किंगही नाही. माझ्या मते सुरुवात तिथून करायला हवी.

तुमच्याकडे गाड्या यंत्राने एकावर एक ठेवणारं मेकॅनिकल पार्किंग आहे ना? आज खाली उतरून तुमच्या पॅलेटजवळची पाटी वाच. किती उंचीची आणि किती वजनाची गाडी चालेल ते तिथे लिहिलेलं असतं. सेडानच्या मापाच्या कप्प्यात उंच एसयूव्ही शिरत नाही. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, तुझ्या यादीतली एकही 1600 मिलिमीटरच्या आत बसत नाही. बुकिंगची रक्कम भरल्यावर हे कळून उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट. जे नंतर बसवता येत नाही, त्यालाच आधी पैसे द्यायचे. गाडीचा सांगाडा, एअरबॅग, ब्रेक, गिअरबॉक्स, सीटची उंची, हे सगळं कारखान्यातून येतं तसंच राहतं. सीट कव्हर, मोठी स्क्रीन, अलॉय व्हील पुढच्या वर्षीही घेता येतात. म्हणून हलक्या गाडीचं टॉप मॉडेल आणि भक्कम गाडीचं मधलं व्हेरियंट एकाच किमतीत समोर आले, तर मी डोळे मिटून मधलं घेईन.

सांगाड्याबद्दल आता अंदाजाने बोलायची गरज उरलेली नाही. 2018 च्या डिसेंबरात नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला तोवर ते कधी मिळाले नव्हते. 2023 च्या ऑक्टोबरपासून आपली तशीच चाचणी, भारत एनकॅप आहे. त्यात गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने समोरून आदळवतात. निकालात मोठ्यांचे आणि लहान मुलांचे गुण वेगळे दिलेले असतात. ताईचं बाळ तुझ्या गाडीत मागे बसणार आहे, तेव्हा दुसरा आकडा आधी बघ. आणि आयसोफिक्सच्या, म्हणजे मागच्या सीटमध्ये बसवलेल्या कड्यांना बेबी सीट शोरूममध्येच लावून बघ. काही गाड्यांत त्या कड्या कुशनमध्ये इतक्या खोल असतात की बोटं सोलून निघतात.

गिअरबॉक्सवर मात्र थांबून विचार कर. ऑटोमॅटिक हवी म्हणालीस ते बरोबरच आहे. घोडबंदर रोडवर माजिवड्यापर्यंत, मग कळव्याहून विटाव्यापर्यंत क्लच दाबत जायचं म्हणजे डावा पाय संध्याकाळपर्यंत बोलायला लागतो. पण ऑटोमॅटिक म्हणजे एकच वस्तू नव्हे. एएमटी या प्रकारात साधाच क्लच असतो, फक्त तो तुझ्याऐवजी यंत्र दाबतं. स्वस्त पडते, पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये हिसके देते. ड्राय क्लचवाली डीसीटी, म्हणजे दोन कोरड्या क्लचची ऑटोमॅटिक, मोकळ्या रस्त्यावर फार सुरेख चालते. कोंडीत तासभर इंच इंच सरकताना तिचा क्लच तापतो. टॉर्क कन्व्हर्टर या तिसऱ्या प्रकारात सुरुवातीचा ओढा तेलातून जातो, त्यामुळे सरकून झिजेल असा क्लच मध्ये येत नाही. ॲव्हरेज थोडं कमी मिळेल, पण तुझ्या रस्त्याला मी हाच म्हणेन. ब्रेझा, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ आणि कायलॅकमध्ये तो मिळतो.

डिझेल सोडून दे. बीएस6 या प्रदूषणाच्या नियमांतल्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळून साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. तुझ्या रोजच्या कोंडीत ते जमायचं नाही.

सनरूफचं म्हणशील तर माझं मन त्याच्याकडे वळत नाही. त्याच्या कडेने पाणी उतरवणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या धूळपाल्याने तुंबल्या की पाणी आत छतावर येतं. त्याच पैशात मागचा वायपर, काचेवरची वाफ घालवणारा डीफॉगर, चांगले हेडलाइट आणि मागे एसीची झडप मिळत असेल तर ते घे. जुलैत गायमुखला संध्याकाळी मागची काच पांढरी होते, तेव्हा मागचं काहीच दिसत नाही. विटाव्याचा सबवे दर पावसाळ्यात भरतो, म्हणून विम्यात इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने इंजिन बिघडलं तर त्याचा खर्च देणारी जोड, घालायला विसरू नकोस. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतात.

टेस्ट ड्राइव्ह एकटीने घेऊ नकोस. आई-बाबांना मागे बसव, एसी लाव आणि गायमुखचा चढ चढ. मालशेजमार्गे जुन्नरला जाताना गाडी अशीच भरलेली असणार. आई बसताना आणि उतरताना तिच्या गुडघ्यांकडे लक्ष दे. दार धरून स्वतःला वर ओढावं लागत असेल तर ती गाडी तुमची नाही. शोरूमवाले टॉप मॉडेल चालवायला देतात. तू घेणार असलेलंच व्हेरियंट मागून घे. टायर, ब्रेक, सीट सगळं वेगळं असू शकतं.

एखाद्या शनिवारी सकाळी वागळे इस्टेटमधल्या सर्व्हिस सेंटरच्या दारात उभी राहा. चाळीस हजार किलोमीटर झालेल्या गाडीवाल्यांना विचार, काय बदललं, बिल किती आलं, पार्टसाठी किती थांबावं लागलं. लोक मोकळेपणाने सांगतात.

पैशांचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 18 टक्के जीएसटी लागतो, त्यापुढे 40. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही इंजिन 1462 सीसीचं, म्हणून ती 40 मध्ये जाते. किमतींची तुलना करताना हे ध्यानात ठेव. कर्ज सात वर्षांचं नको. दहा लाखांवर 9 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण 20,760 रुपये बसतो, सात वर्षांचा 16,090. हप्ता हलका वाटतो खरा, पण व्याजापोटी एक लाखाहून जास्त वर जातात. पाच वर्षांचा हप्ता जड जात असेल तर एक व्हेरियंट खाली ये. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन काढून त्यांच्यापुढे ठेव.

गाडी ठरली की पासिंग व्हायच्या आधी ती यार्डात बघायची. चॅसिस नंबरवरून कुठल्या महिन्यातली आहे ते कळतं. टायरवर शेवटचे चार आकडे असतात, त्यात आठवडा आणि वर्ष. रंग दिवसाउजेडी तिरका बघायचा. तारीख मिळाली की कळव, मी येतो. दुपारची वेळ घेऊ नकोस, सकाळी लवकर जाऊ.

तुझा,
काका