पाय दुमडले म्हणून बाळाची सीट फिरवावी का?

प्रश्न : आमची मुलगी दीड वर्षाची आहे. गाडीतील तिची सीट अजून मागे तोंड करूनच लावलेली आहे. आता तिचे पाय गाडीच्या आसनाच्या पाठीला टेकतात आणि तिला ते दुमडून बसावे लागते. ती अवघडते आणि अपघात झाला तर तिचे पाय मोडतील, असे सासूबाईंना वाटते. १५ महिन्यांनंतर सीट पुढे फिरवलेली चालते, असेही वाचनात आले. काय करावे?

उत्तर : सीट एवढ्यात फिरवू नका. मुलीचे वजन आणि उंची सीटवर छापलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर पाय टेकणे हे सीट लहान पडल्याचे लक्षण नव्हे. या वयाची मुले एरवीही मांडी घालून किंवा गुडघे वर घेऊन मजेत बसतात. सासूबाईंची काळजी मी समजू शकतो; परंतु मोडलेला पाय प्लास्टरमध्ये जुळून येतो, मानेतील मज्जारज्जूला झालेली इजा मात्र सहसा भरून निघत नाही, आणि या वयात जपायची असते ती मान.

समोरून धडक बसली की गाडी थांबते, पण आत बसलेल्यांची शरीरे त्याच वेगाने पुढे जात राहतात. मूल पुढे तोंड करून बसले असेल, तर पट्टे त्याचे खांदे आणि कंबर धरून ठेवतात, डोके मात्र पुढे फेकले जाते आणि त्याचा सारा ओढा मानेवर येतो. दीड वर्षाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, आणि मानेच्या मणक्यांचे भाग अजून कूर्चेने जोडलेले असतात. ते जुळून एकसंध हाड व्हायला पुढची काही वर्षे जावी लागतात. मागे तोंड असेल, तर डोके, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का तेवढ्या सगळ्या भागावर पसरतो. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अशी सीट घडवली, ती अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर कसा सोसतात हे पाहून. तिथे मुले साधारण चार वर्षांची होईपर्यंत अशीच बसवण्याची प्रथा आहे.

आपण वाचलेले १५ महिने युरोपातील ‘आर १२९’ या नियमातले आहेत. ती किमान मर्यादा आहे. त्या दिवशी सीट फिरवावी, असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये दोन वर्षांचे वय सांगितले होते. २०१८ मध्ये ते काढून, सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवावे, असा सल्ला दिला. अशी सीट ‘पाचपट सुरक्षित’ असल्याचा आकडाही आपल्या कानावर येईल. तो २००७ च्या ज्या अभ्यासातून आला, तो आकडेमोडीतील दोषांमुळे पुढे मागे घेण्यात आला, म्हणून तो आकडा मी वापरत नाही. धडकेच्या चाचण्या आणि शरीररचना यांवरून निघणारा निष्कर्ष त्यामुळे बदललेला नाही.

मुलगी खरोखरच अवघडत असेल, तर सीटची पाठ थोडी अधिक उभी करता येते का, हे माहितीपुस्तिकेत पाहा; मोठ्या बाळांना बऱ्याच सीटमध्ये ती मुभा असते आणि त्यामुळे पायांना जागा मिळते. खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघालेले असावेत. गळ्याजवळच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून पाहा. घडी पडली, तर तो सैल आहे. जाड स्वेटर किंवा जाकीट काढूनच पट्टे लावा, कारण धडकेत कापूस-लोकर दबते आणि घट्ट वाटलेला पट्टा ढिला पडतो. डोक्याच्या वर सीटची कड साधारण २.५ सेंटीमीटरसुद्धा उरली नाही, किंवा वजनाची मर्यादा गाठली, की मग फिरवण्याचा विचार करावा. दोहोंपैकी जे आधी होईल ते धरावे.

प्रश्न : मी एकटी गाडी चालवते तेव्हा अशी सीट शेजारी, पुढच्या आसनावर लावली तर चालेल का?

उत्तर : समोरची एअरबॅग चालू असेल, तर कधीही नाही. ती क्षणार्धात फुगते आणि सीटच्या पाठीवर, म्हणजे नेमकी बाळाच्या डोक्यामागे, प्राणघातक जोराने आदळते. बाळ मागच्या आसनावरच बसवावे. ते रडू लागले, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून मगच त्याच्याकडे पाहावे.