डोंगरात आणि वाळवंटात, फारशा सोयी नसलेल्या कॅम्पग्राउंडवर तंबूत राहण्याचा अनुभव कसा असतो?

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात नवीन आहात, मुलगी सात वर्षांची आहे, हिवाळ्याच्या तोंडावर डेथ व्हॅली या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात जायचंय आणि धास्ती आहे ती उकाड्याची आणि संडासाची. उन्हाळा टाळताय ना, मग उकाड्याचं सोडा. वाऱ्याला घाबरा.

आम्ही गेलो त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती. लक्ष्मीपूजन उरकलं, चिवड्याचा डबा गाडीत टाकला आणि बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून) दिवसभर गाडी हाकून मेस्किट स्प्रिंग या कॅम्पग्राउंडला पोचलो. हे पार्कच्या उत्तर टोकाला, साधारण ५५० मीटर उंचीवर. नळ आहे, फ्लशचा संडासही आहे; वीज नाही, सावली नावाला, फोनला रेंज नाही.

माझी सगळी तरुण वर्षं हरिश्चंद्रगडावर गुहेत पथारी टाकण्यात गेली, त्यामुळे तंबू लावणं म्हणजे काय मोठंसं, असा तोरा होता. जमीन वरून रेताड, पण दोन बोटं खाली नुसते दगडगोटे. तंबूबरोबर आलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या तिसऱ्या घावालाच केसांच्या आकड्यासारख्या वाकल्या. वारा पडलेला होता. म्हटलं, आत सामान आहेच की, कुठे जातोय तंबू!

खिचडी ताटात वाढली आणि वारा सुटला. आधी खिचडीत वाळू आली, मग बायको ओरडली. मागे वळून पाहतो तर तंबू पोटातल्या तीन स्लीपिंग बॅगांसकट कुशीवर वळून झुडपांच्या दिशेने निघालेला. मी एक कोपरा धरला, तिने दुसरा. शेजारच्या जागेवरचे एक गोरे आजोबा आले, काही न बोलता बॅटरी आमच्या लेकीच्या हातात दिली आणि कामाला लागले. खुंटीच्या जागी नारळाएवढा दगड, त्याला दोरीचे दोन वेढे, आणि तंबूच्या बाजूने दोरीवर दुसरा, उचलताना कंबर बोलेल इतका मोठा दगड. अशी सहा ठिकाणं. तंबू रात्रभर फडफडत राहिला, पण हलला नाही. सकाळी दगड जिथले तिथे ठेवायला लावले त्यांनी. कुठे नुसतीच वाळू लागली, तर मजबूत पिशवीत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल आडवी पुरायची. खुंटीपेक्षा ती कितीतरी घट्ट धरते.

दुसरी रात्र त्याच पार्कात, पण डोंगरावरच्या महोगनी फ्लॅट कॅम्पग्राउंडला, जवळजवळ २,४८० मीटरवर. वाटेत १८७७ सालच्या दगडी कोळसाभट्ट्या लागतात, ओळीने दहा, उपड्या घातलेल्या रांजणांसारख्या. त्यांच्यापुढचा रस्ता बुटक्या गाडीने जायचा नाही. हिवाळ्यात तो बर्फाने बंदही होतो, म्हणून निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर बघाच. वर पाणी अजिबात नाही. माणशी दिवसाला चार लिटर धरा, भांड्यांचं वेगळं.

हजार मीटर चढलं की पारा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतो. म्हणजे कालच्या मुक्कामापेक्षा बारा अंश कमी, हा हिशोब मी घरी बसून केलाही होता. शेगडीचा मात्र केला नाही. आमची ती पसरट शेगडी, आडवा डबा लावायची. त्यात बुटेन असतं आणि ते शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. पहाटे काडी लावली तर ज्योत निरांजनाएवढी. तूप दगड झालेलं, लेक चहा-बिस्किटांसाठी भुणभुणतेय आणि मी गॅसचा डबा जॅकेटच्या आत काखेत धरून वीस मिनिटं उभा! त्यानंतर आम्ही प्रोपेनची शेगडी घेतली. स्लीपिंग बॅगवर लिहिलेल्या तापमानाच्या आकड्यावरही विसंबू नका. बऱ्याचदा तो तग धरण्याचा असतो, झोप लागण्याचा नव्हे. आणि पांघरुणाइतकंच महत्त्व अंथरुणाला द्या, कारण थंडी खालून चढते.

पण अमावास्येच्या आसपास जाणं हा आमचा नकळत झालेला शहाणपणा. कृत्तिकांचा पुंजका डोंगरामागून वर आला तेव्हा लेकीने सात मोजल्या, मला चष्मा लावून पाचच दिसल्या. उजाडल्यावर खाली बॅडवॉटर या खोलगट भागातलं पांढरं मीठ दिसलं, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली.

अस्वलांची भीती सिएरा नेवाडा डोंगरांच्या बाजूला. तिथे खाण्याच्या सामानासाठी लोखंडी पेट्या असतात, त्यांत टूथपेस्टसुद्धा ठेवावी लागते. डेथ व्हॅलीत कोल्हे आणि डोमकावळे. आमचा चिवडा टेबलावर राहिला होता, तो कावळ्यांनी संपवला.

संडासाचं म्हणाल तर वर महोगनी फ्लॅटला खड्ड्याचा आहे. कागद आणि हात धुवायचं पाणी आपलं न्या, आणि रात्री लेकीला बॅटरी खिशात न ठेवता डोक्याला बांधायला लावा. आमची एक तिथेच आत पडली.